तुमाले कोन पाह्यते?

कार्तिकात भाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी उटनूरच्या पलीकडच्या एका गावात, परक्याच्या ओसरीवर बसून भाऊंचाच प्रश्न विचारत होते. समोरची बाई बोलायला लागली होती आणि माझ्या पिशवीत मोबाईल थरथरत होता. मी तो घेतला नाही. समोरचा माणूस उत्तर देत असताना फोन घ्यायचा नाही, ही भाऊंनीच लावलेली शिस्त. बाईचं सांगून झालं, मी "आनखी कोनी?" असं विचारलं, थांबले, तिनं नाही म्हणून मान हलवली, आणि मग मी मोबाईल काढला. तीन वेळा वाजून गेला होता, तिन्ही वेळा भाऊंच्या घरून. कमलवहिनी, म्हणजे भाऊंच्या पत्नी, मला कधी फोन करत नसत. काही हवं-नको असलं तरी निरोप भाऊंकडूनच यायचा. त्यामुळे परत फोन लावायच्या आधीच मला कळलं होतं, आणि तरीही मी आधी हातातला कॉलम पुरा भरला. याचं मला अजून वाईट वाटतं. भाऊंना वाटलं नसतं.

घरी पोचले तेव्हा वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. येणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगत होत्या, मलाही सांगितलं. "सकाळी नळ आल्ता. यायनं हंडा भरला, खांद्यावर घेतला. मी म्हटलं राहू द्या, मी आनतो. आयकते कोन? उंबऱ्यापाशी आले, हंडा हळूच खाली ठेवला, आन त्याले टेकून बसले. मले वाटलं दम लागला..." मग म्हणाल्या, "थेंब सांडू देला नाही सरोज. गेले बी असे." तो हंडा अजून तिथंच, उंबऱ्यापाशी भरलेला होता. लोक त्याला वळसा घालून आत जात होते. त्या दिवशी त्या घरात मी भाऊंच्या चेहऱ्यापेक्षा त्या हंड्याकडंच जास्त पाहिलं असेन.

वामनराव चिंतलवार, म्हणजे आमचे भाऊ, हे नाव बहुतेक वाचकांना माहीत असायचं कारण नाही. आदिलाबाद जिल्ह्यात घरोघर फिरून सर्वेचे फॉर्म भरणं हे त्यांचं आयुष्यभराचं काम. शेवटची काही वर्षं ते आमचे सुपरवायझर होते, पण खुर्चीत बसून त्यांना काम करताच येत नसे. उंच, किडकिडीत, खांद्याला कापडी पिशवी आणि कानावर पेन्सिल. पेन ते वापरत नसत. माणसाला आपलं म्हणणं बदलायची मुभा पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. त्यांचे आजोबा निजामाच्या काळात महसुलात होते आणि त्या दफ्तरातले शब्द घरात राहून गेले होते. सर्वेला ते दर्याफ्त म्हणत, कॉलमला खाना, आणि सगळ्यात शेवटच्या शेऱ्याच्या रकान्याला कैफियत. "भाऊ, निजाम गेला, तुमची कैफियत काही जात नाही," असं मी त्यांना चिडवायची. "कैफियत कुठं जाते?" असं म्हणून ते पेन्सिलला टोक करत बसायचे.

मी त्यांच्या हाताखाली कंत्राटावर लागले आणि अकरा वर्षं राहिले. आमच्या सर्वेत एक भाग असा होता की या घराला बाहेरून कोणाचा हातभार लागतो ते विचारायचं. आधी सरकारी: रेशनचे तांदूळ, पेन्शन, मुलांची शिष्यवृत्ती. मग खाजगी: नातेवाईक, संस्था, शेजारी, ओळखीचे. मदत काय मिळते, कोण देतं, त्याचं नातं काय आणि तो राहतो कुठं. राहण्याच्या ठिकाणाला आकडे ठरलेले होते. त्याच गावात असला तर एक, त्याच जिल्ह्यात दोन, दुसऱ्या जिल्ह्यात तीन, दुसऱ्या राज्यात चार, परदेशात पाच. मग एकदम नऊ, म्हणजे इतर. मी पहिल्यांदा विचारलं होतं, की गाव, जिल्हा, राज्य, परदेश सगळं झाल्यावर इतर म्हणजे कुठं? भाऊ म्हणाले, "ज्यानं फॉर्म बनवला त्याले मालूम असंल. त्यानं जागा ठेवली, आपुन मोडायची नाही."

फॉर्म इंग्रजीत आणि तेलुगूत छापलेला. मराठी गावात गेलं की प्रश्न मराठीत करायचं काम आमचं. मी शाळेत मराठी शिकलेली, त्याचा मला जरा तोराच होता. मी एक नेटकं वाक्य बनवलं: तुम्हाला कोणाचा आधार आहे का? पहिल्या गावात पहिल्याच घरी विचारलं. म्हातारा "हाय ना" म्हणाला, आत गेला आणि तांदळाच्या डब्यातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं कार्ड घेऊन आला. दुसऱ्या घरीही तेच. तिसऱ्या घरच्या बाईनं सासू-सासऱ्यांसकट सगळ्यांची कार्डं ओसरीवर मांडून ठेवली. मला वाटलं, मदत मिळते म्हणून पुरावा दाखवतात. मी सगळीकडं 'होय, सरकारी' असं ठोकून दिलं. संध्याकाळी भाऊंनी गठ्ठा चाळला आणि म्हणाले, "या गावात बिनआधाराचा कोनीच नाही म्हन." मग त्यांना हसू आवरेना, चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मी रडकुंडीला आले होते. हसणं थांबल्यावर त्यांनी गठ्ठा नीट लावून बाजूला ठेवला. म्हणाले, "सरोज, त्या बापड्यांले वाटलं, तू पुसून राह्यली का तुमी हाय का नाही."

"मग कसं विचारू?"

"तुमाले कोन पाह्यते, असं पुस. झालं."

आमच्याकडं पाहणं म्हणजे सांभाळणंही. म्हाताऱ्याला कोण पाहतं, पोरांना कोण पाहतं, असंच बोलतात. तरी मला तो प्रश्न चमत्कारिक वाटला. एकट्या माणसाच्या दारात बसून 'तुम्हाला कोण पाहतं?' असं विचारायचं म्हणजे कोणीतरी कुठून तरी डोळे लावून बसलंय असं वाटतं. मी तसं बोलून दाखवलं. भाऊ म्हणाले, "पाह्यल्याबिगर कोनी कोनाले पाह्यते काय?" दुसऱ्या दिवसापासून मी तेच वाक्य वापरायला लागले. आजही तेच वापरते.

प्रश्न विचारून झाला की भाऊ थांबायचे. उत्तर आलं की "आनखी कोनी?" म्हणायचे आणि पुन्हा थांबायचे. समोरच्याला अवघडल्यासारखं होईपर्यंत. बेज्जूरकडच्या एका गावात, प्राणहितेच्या बाजूला, एका माणसानं दोनदा "कोनी नाही" सांगितलं होतं. भाऊ थांबले. आम्ही उठायच्या बेतात असताना तो हळूच म्हणाला, "पोरीचं जेवन मास्तरनीबाईकडं होते, दोन वर्सं झाले. त्याले बी मदतच म्हना लागते काय?" भाऊ परत खाली बसले. पण मला ते थांबणं कधी सोसलं नाही. माणसं त्या शांततेत डोळे फिरवायची, घरातली एकेक वस्तू तपासल्यासारखी, आणि एखादी बाई नेमकी आमच्या मागं, दाराकडं बघत उत्तर द्यायची. मी वळून बघायची. दारात कोणी नसायचं. भाऊ कधीच वळले नाहीत.

गयाबाईचं गाव जैनथ मंडलात, पैनगंगेच्या काठावर. गावातून नदीचा उतार दिसतो आणि त्यापुढं कापूस-सोयाबीनचं रान. ते रान महाराष्ट्रात. आमच्या भागात 'नदीच्या तिकडं' म्हटलं की महाराष्ट्र, वेगळं सांगावं लागत नाही. कोणाची बहीण तिकडं दिलेली असते, कोणाचं दुकान तिकडं असतं. गयाबाईचं घर गल्लीच्या टोकाला, एक खोली आणि पुढं ओटा. एकटी राहायची. पायानं अधू झाली होती. भिंतीला धरून ओट्यापर्यंत यायची, त्यापुढं नाही, आणि हातपंप गावाच्या दुसऱ्या टोकाला. आम्ही सकाळीच पोचलो होतो. दाराशी जर्मनचा हंडा काठोकाठ भरलेला होता आणि पायरीवर पाणी सांडल्याची ओल गल्लीकडं गेलेली होती.

भाऊंनी सरकारी मदतीचं विचारलं. रेशनचे तांदूळ येतात, पेन्शन येते. मग पेन्सिल खाली ठेवून विचारलं, "आन तुमाले कोन पाह्यते, बाई?"

"माहा मानूस पाह्यते ना. रोज पानी आनून देते."

"कुठं असते तो?"

"नदीच्या तिकडं."

भाऊ नेहमीपेक्षा जास्त थांबले. गयाबाई हंड्याकडं बघत होती. मग त्यांनी "आनखी कोनी?" विचारलं, तिनं "कोनी नाही" म्हटलं, आणि लगेच पुढं वाकून भाऊंचं मनगट धरलं. "तसं नको लिहू बाप्पा. आनखी कोनी नाही, असं लिही. निसतं कोनी नाही लिहिशीन तं तो येनार नाही. त्याले राग येते." भाऊंनी तिच्यासमोर लिहिलं, वाचून दाखवलं, आणि मगच तिनं मनगट सोडलं.

राहण्याच्या ठिकाणाचा खाना त्यांनी रिकामा ठेवला होता. दुसऱ्या दिवसापासून मुलीच्या सोयरिकीसाठी त्यांची चार दिवसांची रजा होती. जाताना म्हणाले, "गयाबाईचा कागद राहू दे. मी आलो का पाहू." पण फॉर्म तपासून वर पाठवायचं काम माझ्याकडं होतं आणि रिकामा कॉलम मला खुपतो. नदीच्या तिकडं म्हणजे दुसरं राज्य. मी चार लिहिलं. मग पहिलं पान उलटलं, तर तिथं भाऊंच्याच अक्षरात, गयाबाईच्या नावापुढं, 'विधवा'. म्हणजे ती म्हणत होती ते 'तिकडं' महाराष्ट्र नव्हतं... मला आधी हसू आलं, मग अंगावर काटा आला, आणि मग मी चिडले. मी नियमावली काढली. मदत देणारा जिवंत असावा असं तीत कुठंही लिहिलेलं नव्हतं. लिहायची गरज कोणाला वाटली असती? शेवटी मी माझ्या अकलेनं भाऊंची ओळ खोडली आणि तिथं 'कोणी नाही' असं लिहिलं. पेननं.

भाऊ परत आले, कागद पाहिला. रागावले नाहीत. "पेननं लिहिलं?" एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या बसनं ते जैनथला गेले आणि दुपारी तीनच्या सुमारास आले तेव्हा त्यांच्या शर्टाचा डावा खांदा ओला होता. उन्हाचे दिवस होते. गावातून ऑटो, पुढं बस, एवढ्या वाटेत शर्ट वाळायला पाहिजे होता, हे माझ्या फार उशिरा ध्यानात आलं.

"हंडा कोरडा होता," ते म्हणाले.

"कधीपासून?"

"तू लिहिलं तवापासून."

मी म्हटलं, भाऊ, तिला कागदात मी काय लिहिलं ते कसं कळणार? ते म्हणाले, तिले काही मालूम नाही, तिनं काही म्हटलं बी नाही, बाजूचीनं सांगतलं. मग त्यांनी जे केलं ते सांगितलं, आणि ते अगदी त्यांच्यासारखंच होतं. त्यांनी त्या गल्लीतलं एकेक दार वाजवून दर्याफ्त केली होती, या बाईचं पाणी कोण भरतं. पहिल्या घरानं सांगितलं, आमी नाही, बाजूवाले भरत असतील. बाजूच्यांनी पुढच्यांचं नाव घेतलं. असं करत करत गल्ली संपली. शेवटच्या घरच्या म्हाताऱ्यानं गयाबाईच्याच घराकडं बोट दाखवलं. म्हणाला, "तिच्या घरचाच मानूस नेते ना. सकाळी जाताना दिसते." भाऊंनी विचारलं, कसा आहे दिसायला? म्हातारा म्हणाला, पाठमोराच असतो.

एवढं सांगून भाऊंनी ड्रॉवरमधून ब्लेड काढलं आणि माझी अक्षरं हलक्या हातानं खरवडली. कागद तिथं पातळ झाला, उजेडाकडं धरला तर आरपार दिसेल इतका. त्यावर त्यांनी पेन्सिलनं लिहिलं: नवरा. ठिकाण, नऊ. आणि कैफियतीत, 'रोज पाहतो.' मी म्हटलं, "भाऊ, वरून कोणी विचारलं तर?" ते म्हणाले, "पुसू दे ना. मी पुसलं, तिनं सांगतलं. आपलं काम पुसायचं हाय, तिचं खोटं पाडायचं नाही." वरून कधीच कोणी विचारलं नाही. काही दिवसांनी मीच भीत भीत विचारलं, पाणी येतं का आता? "येऊन राह्यलं," ते म्हणाले. त्यांना हे कसं कळलं, ते तिकडं पुन्हा गेले होते का, हे मी विचारलं नाही. मी मनाशी एक समजूत घालून घेतली होती. गावातलंच कोणीतरी पाणी भरत असेल आणि उपकाराचा बोभाटा नको म्हणून सांगत नसेल. ते चार दिवस बाहेरगावी गेलं असेल. असंच असणार. अजूनही दिवसाउजेडी मला असंच वाटतं.

त्याच्या पुढच्या वर्षी माझी आई गेली. भाऊ हैदराबादला असतो, म्हणजे माझा सख्खा भाऊ. सणावाराला फोन येतो. घरात मी एकटी. एका दुपारी ऑफिसात आम्ही दोघंच होतो आणि नवीन फॉर्म आले होते. नवा फॉर्म आला की आम्ही एकमेकांवर सराव करायचो, म्हणून भाऊंनी पेन्सिल घेतली आणि माझाच फॉर्म भरायला घेतला. नाव, वय, घरात माणसं किती. एक. सरकारी मदत, काही नाही. मग त्यांनी पेन्सिल खाली ठेवली आणि अगदी परक्याला विचारावं तसं विचारलं, "तुले कोन पाह्यते?"

"कोणी नाही."

"आनखी विचार कर."

"आणखी काय विचार करायचा भाऊ? कोणीच नाही."

ते थांबले. मला तो थांबण्याचा डाव ठाऊक होता, तरी मी त्यात सापडले. मी चिडून म्हणाले, लिहा ना, कोणी नाही, खरं तेच सांगतेय. ते म्हणाले, "मी नाही लिहीत. एक डाव लिहिलं ना तू, काय झालं ते पाह्यलं." आणि त्यांनी फॉर्मची घडी घालून आपल्या पिशवीत ठेवली. "हा खाना उघडा राहू दे." मी डबा धुवायच्या निमित्तानं बाहेर गेले आणि नळाखाली बराच वेळ तोंड धुतलं. मला त्यांचा फार राग आला होता, आणि फार बरंही वाटलं होतं. त्यानंतर आम्ही त्या कागदाचं नाव काढलं नाही. दर सोमवारी मात्र ते माझ्या टेबलाशी यायचे, डब्यात काय आणलं ते विचारायचे आणि आपल्या डब्यातलं थोडं काढून ठेवायचे. याला मदत म्हणतात हे मला तेव्हा सुचलं नाही. आयुष्यभर लोकांना हेच विचारत फिरले, तरी नाही सुचलं.

तेराव्यानंतर वहिनींनी मला बोलावून ती कापडी पिशवी दिली. "तुह्याच कामाचं असंल," म्हणाल्या. आत दोन पेन्सिली, एक झिजलेलं खोडरबर, आणि घडीवर तपकिरी पडलेला माझा फॉर्म. तो खाना तसाच उघडा.

आमच्या सर्वेत काही वर्षांनी त्याच घरांना पुन्हा भेटायचं असतं. मागच्या आठवड्यात यादी आली, तीत गयाबाईचं गाव होतं. आता कागद नाहीत, टॅब आहे. मी जैनथपर्यंत बसनं आणि पुढं ऑटोनं गेले. वाटेत सारखं वाटत होतं की म्हातारी गेलेली असेल आणि मला दार बंद असल्याचा शेरा मारून परत फिरता येईल. खरं सांगायचं तर मला तेच हवं होतं. पण गयाबाई ओट्यावर बसलेली होती, आधीपेक्षा लहान झालेली, भिंतीला धरायचा हातही आता कापत होता. आणि तिच्या दाराशी एक नाही, दोन भांडी भरलेली होती. जर्मनचा तोच हंडा, आणि त्याच्या शेजारी पितळेची जुनी कळशी.

मी भाऊंबद्दल काही बोलले नाही. तिनंही विचारलं नाही, तुमचे ते साहेब कुठं आहेत म्हणून. सरकारी मदतीचं झालं. मग मी टॅब मांडीवर ठेवला आणि विचारलं, "बाई, तुमाले कोन पाह्यते?"

"तेच. पानी येते रोज."

"दोन भांडे कायचे?"

"ते कळशी कोपऱ्यात पडून होती, माह्या लग्नातली. कार्तिकापासून ते बी भरून येते. सकाळी दार उघडलं का दोन्ही भरेल असते."

"दुसरा कोन हाय?"

"मले काय मालूम? मी कुठं पाह्यलं? पाह्यनारे तेच हायत ना." ती थोडी हसली. मग पायरीकडं बोट करून म्हणाली, "पन मानूस येगळा हाय. माहा मानूस सांडत सांडत आनते, पयल्यापासून तसाच हाय. हा दुसरा थेंब सांडू देत नाही."

मी पायरीकडं पाहिलं. हंड्यापासून गल्लीकडं ओलीचा माग गेलेला होता. कळशीच्या भोवतीची शहाबादी फरशी कोरडी ठणठणीत होती, आणि कळशी इतकी भरलेली की पाणी काठावर फुगून थांबलं होतं. वहिनींनी ते वाक्य मला सांगितलं होतं, त्यांच्या घरात बसून. ते या गावात कोणाला माहीत असायचं काही कारण नव्हतं... तरी मी तिथं बसून राहिले आणि जे करायला मला शिकवलं होतं ते केलं. "आनखी कोनी?" असं विचारलं आणि थांबले. गयाबाई माझ्या खांद्यावरून मागं, गल्लीकडं बघत होती. मी वळले नाही. पहिल्यांदाच वळले नाही. "आनखी कोनी नाही," ती म्हणाली. "दोघंच. दोघं लय झाले."

टॅबवर मदत देणाऱ्यांची संख्या विचारतात. मी दोन भरलं. पहिला, नवरा, ठिकाण नऊ. दुसरा, नातं 'ओळखीचे', ठिकाण नऊ. टॅबनं लाल पट्टी दाखवून विचारलं, खात्री आहे का? मी 'होय' दाबलं. कैफियतीचा रकाना आता टॅबमध्ये ठेवलेला नाही.

रविवारी दुपारी मी घरी तो घडी घातलेला फॉर्म टेबलावर पसरला. समोरची खुर्ची रिकामी होती, एरवीही असते. भाऊंची पेन्सिल घेतली आणि मोठ्यानं विचारलं, "तुले कोन पाह्यते?" उत्तर म्हणून तोंडात तेच दोन शब्द आले, सवयीचे, आणि ते मी गिळले. मग "आनखी कोनी?" असं म्हटलं आणि थांबले. स्वयंपाकघरातला पंखा फिरत होता. थांबता थांबता मला अवघडल्यासारखं व्हायला लागलं. समोर कोणीतरी पेन्सिल खाली ठेवून, घाई न करता वाट बघत बसलं की होतं, अगदी तसं. प्रश्न मी विचारला होता आणि अवघडलेली मीच होते. म्हणजे विचारणारं कोणी दुसरं होतं.

मी नाव लिहिलं. नातं लिहिलं. ठिकाणाच्या खान्यात नऊ लिहिलं, आणि कैफियतीत, 'दर सोमवारी डब्यातलं काढून ठेवत. अजून पाहतात.' लिहिलं पेन्सिलनंच. पिशवीत आलेलं ते खोडरबर मात्र मी दुसऱ्या दिवशी वहिनींना परत नेऊन दिलं.